शेवटचा नॉमिनी

पीएफला नॉमिनी आहे, डिमॅटला आहे, बँकेच्या लॉकरलासुद्धा आहे. पण उद्या आयसीयूत तोंडात नळी असताना आपल्या वतीने बोलणार कोण? त्यासाठीही एक कागद असतो. आणि तो करायला साठी उलटावी लागत नाही!

नव्या कंपनीत जॉइन झालात की पहिल्याच दिवशी एचआरवाली गोड हसून फॉर्मांचा गठ्ठा पुढे सरकवते. हल्ली गठ्ठ्याऐवजी लिंक येते, एवढाच काय तो फरक. पीएफचा नॉमिनी, ग्रॅच्युइटीचा नॉमिनी, ग्रुप इन्शुरन्सचा नॉमिनी. एका हातात मशीनची कॉफी, दुसऱ्या हाताने फटाफट नावं टाकायची. लग्न झालं नसेल तर आई, झालं असेल तर नवरा किंवा बायको. संपला विषय! म्हणजे बघा, आपण गेल्यावर आपल्या पैशांचं काय करायचं याची सोय आपण चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षीच करून टाकतो आणि त्याचं आपल्याला काहीही वाटत नाही. मरणाचा विषय काढला की ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणत अंगावर येणारे आईबाबासुद्धा या नॉमिनेशनबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

गेल्यानंतरचं झालं. जायच्या आधीचं काय?

समजा, रात्री अकराला ऑफिसमधून निघालात, हायवेला बाइक घसरली. डोक्याला मार. आयसीयू, व्हेंटिलेटर. दहाव्या दिवशी डॉक्टर बाहेर येतात आणि विचारतात, ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ त्या क्षणी खुर्चीतून जो उठेल तो तुमचा नॉमिनी! मग तो तुमचा नवरा असो, मोठा भाऊ असो, नाहीतर योगायोगाने डबा घेऊन आलेले काका असोत. तुम्हाला काय हवं होतं, किती हवं होतं, कुठे थांबायला हवं होतं, हे त्या माणसाने कधी विचारलेलं नसतं आणि तुम्ही कधी सांगितलेलं नसतं. तुम्ही तर आत झोपलेले. तोंडातली नळी स्वरयंत्राच्या मधून गेलेली, म्हणजे शुद्धीवर आलात तरी आवाज फुटायचा नाही.

या प्रसंगासाठी आधीच लिहून ठेवायचा कागद म्हणजे लिव्हिंग विल. कायद्याच्या भाषेत अ‍ॅडव्हान्स मेडिकल डायरेक्टिव्ह. मराठीत कुणी वैद्यकीय इच्छापत्र म्हणतं, कुणी जिवंतपणीचं मृत्युपत्र म्हणतं. दुसरं नाव ऐकून मला हसूच येतं, कारण मृत्युपत्र आपण जिवंतपणीच करतो की! असो. मी माझं गेल्या महिन्यात केलं. वय वर्षं ३४, बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल, गुडघा तेवढा अधूनमधून कुरकुरतो.

आमच्या घरातले तेवीस दिवस

हे डोक्यात आलं ते नानांमुळे. नाना म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. २०१९ च्या पावसाळ्यात त्यांना मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. वय ७१. तेवीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, त्याने फरक पडत नाही. अशी वेटिंग हॉलची बाकडी सगळीकडे सारखीच असतात. थर्मास, चार्जर, बिस्किटांचे पुडे आणि काउंटरवरून दर दोन दिवसांनी येणारा डिपॉझिटचा निरोप.

नानांचे दोन मुलगे. धाकटा इथे पुण्यात, रोज रात्री बाकड्यावर झोपणारा. थोरला कॅलिफोर्नियात. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी धाकट्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की शुद्ध येण्याची आशा जवळजवळ नाही. आता गळ्याला भोक पाडून नळी घालायची का ते ठरवा. धाकटा नको म्हणत होता. त्याच रात्री थोरला विमानातून उतरला आणि बॅगा न ठेवता आयसीयूच्या दाराशी येऊन म्हणाला, ‘जे काही शक्य आहे ते सगळं करा, पैशांची चिंता करू नका.’ पुढचे अकरा दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एक म्हणे तू पळपुटा, दुसरा म्हणे तू पाहुणा.

माझी एक शाळेतली मैत्रीण क्रिटिकल केअरची डॉक्टर आहे. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगं, याला आमच्यात नाव आहे. डॉटर फ्रॉम कॅलिफोर्निया.’ मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच, १९९१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात या नावाने लेख आला होता: इतकी वर्षं लांब असलेली मुलगी शेवटच्या आठवड्यात येते आणि सगळं ठरलेलं उलटंपालटं करते. आणि मजा म्हणजे खुद्द कॅलिफोर्नियात तिला न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात! आपल्याकडे मुलगा म्हणू, पण तो खरोखरच कॅलिफोर्नियातून येतो.

थोरल्याला दोष द्यायला मी हे लिहीत नाहीये. बाप जातोय आणि आपण इतकी वर्षं इथे नव्हतो, या भावनेला माणूस दुसरं काय उत्तर देणार? प्रश्न वेगळाच होता. डॉक्टरांनी एकदा सगळ्यांना बसवून विचारलं होतं, ‘त्यांना स्वतःला काय हवं असतं?’ नानांना तर प्रत्येक गोष्टीवर मत होतं. आमटीत गूळ किती, टीममध्ये कोण हवं, कोणत्या बँकेत एफडी करावी. पण या प्रश्नावर अख्खं घर गप्प. आत्या हळूच म्हणाली, ‘ते म्हणायचे, मला कुणाच्या हातचं पाणी प्यायची वेळ येऊ नये.’ त्यावर दोन्ही भावांनी दोन वेगळे अर्थ लावले.

नाना गेले त्याला इतकी वर्षं झाली. भाऊ आता बोलतात, दिवाळीला व्हिडिओ कॉल होतो. आत्या मात्र अजून मधूनच विचारते, ‘त्यांना त्रास झाला असेल का गं?’

एकवीस, पंचवीस, पंचवीस, सव्वीस

‘ठीक आहे, पण नाना एकाहत्तरचे होते. आपल्याला काय घाई?’ ऑफिसच्या कँटीनमध्ये मला हेच ऐकावं लागलं. मग मी त्यांना चार मुलींची गोष्ट सांगितली.

कॅरेन अ‍ॅन क्विनलन, न्यू जर्सी. १९७५ मध्ये एका पार्टीनंतर बेशुद्ध झाली ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. वय २१. व्हेंटिलेटर काढायला आईवडिलांना कोर्टात जावं लागलं. १९७६ मध्ये परवानगी मिळाली. आणि व्हेंटिलेटर काढल्यावर पोरगी स्वतः श्वास घेत १९८५ पर्यंत, शुद्धीवर न येता, जगली. नॅन्सी क्रूझन, मिझुरी. १९८३ मध्ये कारचा अपघात, वय २५. तिचा खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९९० साली कोर्टाने मुद्दा आणून ठेवला तो असा, की तिची स्वतःची इच्छा काय होती याचा ठोस पुरावा आणा. टेरी शायव्हो, फ्लोरिडा. १९९० मध्ये हृदय थांबून मेंदूचा ऑक्सिजन तुटला, वय २६. नवरा म्हणे तिला असं जगायचं नव्हतं, आईवडील म्हणत ती आमच्याकडे बघून हसते. पंधरा वर्षं! अन्नाची नळी दोनदा काढली, दोनदा परत घातली. शेवटी संसदेने खास कायदा केला आणि त्यावर सही करायला राष्ट्राध्यक्ष बुश सुट्टी सोडून टेक्सासहून वॉशिंग्टनला आले. २००५ च्या मार्चमध्ये ती गेली. तेव्हा कॉलेजच्या कँटीनमध्येही त्यावर चर्चा झाल्याचं कुणाकुणाला आठवत असेल.

चौथी आपली. अरुणा शानबाग. कर्नाटकातल्या हळदीपूरची, मुंबईच्या केईएममध्ये नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलच्याच एका कर्मचाऱ्याने तिच्यावर हल्ला केला, साखळीने गळा आवळला. मेंदूला रक्त पोहोचलं नाही. वय २५. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, ती केईएममध्येच होती. नर्सच्या कितीतरी पिढ्यांनी तिला भरवलं, आंघोळ घातली; इतकं की इतकी वर्षं अंथरुणात काढूनही तिला बेडसोर झाले नाहीत, असं डॉक्टरांनी नोंदवलं. पत्रकार पिंकी विराणी तिला शांतपणे जाऊ द्या म्हणून सुप्रीम कोर्टात गेल्या. ७ मार्च २०११ च्या निकालात कोर्टाने म्हटलं, तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या लोकांचा, आणि त्यांना ती हवी आहे. दोन्ही बाजूंना अरुणाबद्दल माया होती, यात मला काडीचीही शंका नाही. पण अरुणाला काय हवं होतं? पंचविशीतल्या, लग्न ठरलेल्या नर्सला हे विचारायचं तरी कुणी?

वयं परत वाचा. सत्तरीतल्या माणसाचं शरीर फार काळ लढत नाही, आठवड्यांत निकाल लावतं. हृदय ठणठणीत असलेलं पंचविशीतलं शरीर मात्र वर्षानुवर्षं थांबतं. म्हणजे या कागदाची गरज खरं तर जिममध्ये जाणाऱ्यांना जास्त!

कोर्टाची वाट, आधी वाकडी मग सरळ

‘लिव्हिंग विल’ हा शब्द शिकागोचे वकील लुई कुटनर यांनी १९६९ मध्ये काढला. आपल्याकडे मुंबईत मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ मध्ये याचिका दाखल केली आणि तेरा वर्षांनी, ९ मार्च २०१८ ला, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला: सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि लिव्हिंग विल कायदेशीर आहे.

वा! पण पुढची पानं वाचली तर डोकं गरगरतं. दोन साक्षीदार आणि वर मॅजिस्ट्रेटची सही. पेशंट आयसीयूत गेल्यावर हॉस्पिटलचं एक बोर्ड, मग कलेक्टरने नेमलेलं दुसरं बोर्ड, मग मॅजिस्ट्रेटसाहेब स्वतः बेडपाशी येणार. तोवर बेडवरचा माणूस कशाला थांबतोय? शेवटी आयसीयूतल्या डॉक्टरांचीच संघटना, इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन, कोर्टात गेली की हे सोपं करा. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने ते केलं.

आता काय लागतं? तुम्ही सज्ञान हवेत, शुद्धीत आणि स्वखुशीने लिहायला हवं. दोन साक्षीदार, शक्यतो त्रयस्थ. नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर सही. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नाव, एकापेक्षा जास्त नावंही चालतात. एक प्रत त्या माणसांना, एक फॅमिली डॉक्टर असेल तर त्यांना, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या अधिकाऱ्याकडे. डिजिटल हेल्थ रेकॉर्डमध्येही टाकता येते. मत बदललं? लेखी रद्द करा, नवं करा; शेवटचं खरं.

वेळ आलीच तर हॉस्पिटलचं बोर्ड बसतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. तुमच्या माणसांची संमती घ्यायची. अंमलबजावणीआधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं, त्यांच्या सहीसाठी थांबायचं नाही. कुठे अडलंच तर हायकोर्ट आहे.

पालिकेत ही प्रत सांभाळणार कोण, हाही एक गमतीदार घोळ होता. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं आणि ते ठेवून घ्यायला अधिकारीच नाही म्हणून थेट मुंबई उच्च न्यायालय गाठलं. त्यानंतर २०२४ मध्ये महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये त्यासाठी अधिकारी नेमले गेले. २०२५ मध्ये गोव्यात तर तेव्हा तिथल्या खंडपीठावर असलेले न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं. न्यायमूर्तीच रांगेत उभे राहिल्यावर आपण कोण!

डेंग्यू झाला तर?

कँटीनमधला दुसरा हमखास प्रश्न: ‘म्हणजे उद्या मला डेंग्यू होऊन व्हेंटिलेटरवर ठेवलं, तर हा कागद बघून डॉक्टर हात वर करणार?’

अजिबात नाही. हा कागद तेव्हाच उघडतो जेव्हा तुम्ही स्वतः निर्णय घेऊ शकत नाही आणि आजार बरा व्हायची आशा उरलेली नाही, असं दोन्ही बोर्डांचं मत पडतं. डेंग्यू, न्यूमोनिया, ऑपरेशननंतरचे दोन दिवस, अपघातानंतरचे पहिले आठवडे, यात व्हेंटिलेटर हा पूल असतो, पलीकडे जायला. तो कुणीही काढून घेत नाही. आणि तुम्ही शुद्धीवर असाल तर कागद बाजूला, तुमचं तोंड पहिलं. हवा तो उपचार नाकारायचा हक्क शुद्धीतल्या सज्ञान माणसाला आहेच. विनोबांचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं. ते शेवटपर्यंत स्वतःचं स्वतः सांगू शकत होते. सांगता येणार नाही, त्या दिवसासाठी कागद.

इंजेक्शन देऊन संपवा, असं यात लिहिता येत नाही. ते आपल्या देशात गुन्हाच आहे. थांबवायचं ते फक्त मरण लांबवणारं यंत्र. वेदना कमी करणारी औषधं, तोंड ओलं करणं, कूस बदलणं, हे सगळं चालूच राहतं, उलट तेच मुख्य होतं. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह सेंटर, मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन, इथली माणसं वर्षानुवर्षं हेच काम करतात. आणि मानसिक आजारात आपल्यावर कसे उपचार व्हावेत, यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात वेगळी अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह आहे. दोन्हींची गल्लत नको.

‘माझ्या हातून नाही होणार’

कायदा कळायला एक रविवार लागला. नॉमिनी ठरवायला तीन महिने.

मला वाटलं होतं यात विचार काय करायचा, नवराच. त्याला रात्री जेवताना सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, ‘मला तू कशीही चालशील. मी सही करणार नाही.’ दोन दिवस घरात अबोला. मला आधी राग आला, मग लक्षात आलं की हा तर प्रामाणिकपणा आहे! पुष्कळ नवरे ‘हो हो’ म्हणतील आणि त्या दिवशी कॅलिफोर्नियातले मुलगे होतील. याने आजच सांगून टाकलं.

मग मी कोण कोण डोळ्यांपुढे आणलं. आई? ती माझ्या तापाला अजून मीठ-मोहरी ओवाळते. बाबा निर्णय घेतील, पण नंतर स्वतःला खातील. दादा हुशार, पण बंगळुरूला, आणि वहिनीला न विचारता चहाही घेत नाही. शेवटी धाकटी बहीण. वय ३०, स्वभाव फटकळ, मांजर आजारी पडल्यावर डॉक्टरांना शेवटचा खरा प्रश्न विचारला तो तिनेच. तिला विचारलं तर म्हणाली, ‘ताई, मी करीन. पण मला शब्दांत सांग. अंदाजावर मी नाही करणार.’

हे तिचं वाक्य मी चिकटवून ठेवलंय. शब्दांत सांग! कारण ‘मला व्हेजिटेबल होऊन जगायचं नाही’ हे आपण सगळेच एखादा सिनेमा बघून झाल्यावर म्हणतो. पण व्हेजिटेबल म्हणजे काय? उजवा हात गेला तर? बोलता नाही आलं पण समजलं तर? डायपर? मी कागद घेऊन बसले आणि लक्षात आलं की मला बऱ्याच गोष्टी चालतील. व्हीलचेअर चालेल. बोलता आलं नाही तरी चालेल. डायपरसुद्धा, लाज वाटेल पण चालेल. नाही चालणार ती एकच गोष्ट: समोर बसलेलं आपलं माणूस आपलं आहे हे कळायचं थांबलं आणि ते परत येणार नाही असं नक्की झालं, तर यंत्रं नकोत.

पहिल्या ड्राफ्टमध्ये मी लिहिलं, तीन महिने वाट बघा. नवऱ्याने, तोवर तो वाचायला तरी तयार झाला होता, पेन आपटलं. ‘तीन महिने? अगं, आपण सोफ्यासाठी चार महिने थांबलो!’ त्याचा मुद्दा होता. डॉक्टर मैत्रिणीला फोन लावला. तिने सांगितलं की कारण काय त्यावर आहे. हृदय थांबून मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर सुधारणेची खिडकी लवकर बंद होते. डोक्याला मार असेल तर ती बराच काळ उघडी राहते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १९९४ मध्ये पहिल्यासाठी तीन महिने आणि दुसऱ्यासाठी बारा महिने अशी रेषा आखली होती, त्यानंतरच्या अवस्थेला ते ‘पर्मनंट’ म्हणायचे. २०१८ मध्ये तो शब्द काढून ‘क्रॉनिक’ केला, कारण थोडे लोक त्यानंतरही सुधारलेले दिसले. म्हणजे विज्ञानालाही ‘कायम’ म्हणताना जीभ चावावी लागली.

मग आमची घासाघीस झाली. अपघात असेल तर एक वर्ष. ऑक्सिजन तुटला असेल तर तीन महिने आणि दोन न्यूरॉलॉजिस्टचं एकमत. नवऱ्याने एक ओळ स्वतः सांगून घालायला लावली: ‘तोवर माझ्या खोलीत रोज कुणीतरी मराठीत बोलावं.’ वकिलाने ती काढायला सांगितली, कायद्यात तिचा उपयोग नाही म्हणून. मी ठेवली.

नळीतून अन्न, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. व्हेंटिलेटर बंद करणं आईला समजलं. पण ‘उपाशी ठेवायचं?’ यावर ती रडायलाच लागली. आपल्याकडे अन्नाला औषध म्हणत नाहीत, जेवू घालणं म्हणजे माया. मैत्रिणीने समजावलं की शेवटच्या दिवसांत शरीर स्वतःच अन्न नको म्हणतं, तेव्हा बळेच घातलेलं फुप्फुसात उतरून त्रासच होतो. पण वर्षानुवर्षं झोपलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, तिथे हा उघड निर्णय आहे. मी तो मुद्दा वेगळ्या परिच्छेदात लिहिला आणि त्यापुढे वेगळी सही केली. माझ्या अख्ख्या कागदात मला पूर्ण पटलेलं नाही असं काही असेल, तर हेच. पुढच्या वर्षी परत वाचणार आहे.

शिवाजीनगर कोर्टाबाहेरचे नोटरी

साक्षीदार म्हणून ऑफिसमधले दोघे आले, कारण घरातली माणसं नकोत हे ठरलेलं. शिवाजीनगर कोर्टाबाहेर नोटरींच्या टेबलांची रांग असते. आमच्या नोटरीकाकांनी कागद वाचला, चष्मा काढला, परत घातला.

‘मॅडम, मृत्युपत्राला नोटरी लागत नाही.’

‘काका, हे मृत्युपत्र नाही. हे आधीचं.’

त्यांनी तिथेच उभं राहून चारही पानं वाचली. मग शिक्का मारता मारता विचारलं, ‘असं माझ्या मिसेसचं करता येईल का? त्या अजून शुद्धीत आहेत.’ आमच्या दोन्ही साक्षीदारांनी एकदम खाली बघितलं. मी त्यांना माझा ड्राफ्ट मेल केला, नावं काढून.

कागदावर नॉमिनी दोन आहेत. पहिली बहीण. दुसरा, सगळं होऊन सही करायच्या आदल्या रात्री स्वतःहून म्हणाला म्हणून, नवरा. दोघांचं पटलं नाही तर बहिणीचा शब्द शेवटचा, असं स्पष्ट लिहिलंय आणि ते त्याच्या समोर लिहिलंय. त्याने स्वतःचं अजून केलेलं नाही. पण परवा गाडी चालवताना मध्येच म्हणाला, ‘माझ्यासाठी सहा महिने पुरे. मी तुझ्याइतका हट्टी नाही.’ मी ते फोनमध्ये टिपून ठेवलंय.

एक प्रत बहिणीकडे, एक डॉक्टर मैत्रिणीकडे, एक आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे. पालिकेत द्यायची प्रत फाइलला लावून ठेवलीय. आणि एक आईला द्यायची आहे. ती कधीची तयार आहे, फक्त म्हणते आत्ता नको, पितृपक्ष संपू दे. मग नवरात्र आहे म्हणते, घट बसलेले असताना असले कागद घरात आणू नकोस. दसऱ्याला दे, म्हणाली. सोन्याबरोबर.